लोगो कोणत्या फाइलमध्ये जपून ठेवावा

गेल्या ऑक्टोबरमध्ये, गुऱ्हाळे पेटण्याच्या तोंडावर, करवीर तालुक्यातील एक गूळ उत्पादक माझ्या कोल्हापुरातल्या, राजारामपुरीतील कामाच्या जागी आले. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणतात, म्हणून मीही आप्पाच म्हणते. सगळ्या ढेपा मार्केट यार्डात लावण्याऐवजी या हंगामापासून थोडा गूळ एक किलोच्या खोक्यांतून स्वतःच्या नावाने विकायचा, असे त्यांनी ठरवले होते. खोक्याची छपाई, काकवीच्या बाटलीचे लेबल, गुऱ्हाळासमोर रस्त्याच्या कडेला लावायचा वीस फुटी फ्लेक्स, टेम्पोच्या काचेवरचे स्टिकर आणि कामगारांचे टी-शर्ट अशी यादी त्यांनी वहीच्या कागदावर लिहून आणली होती. लोगो नवीन करायचा नव्हता. सात वर्षांपूर्वी एकाकडून करून घेतलेला होता आणि तो त्यांना मनापासून आवडत होता. मी तो मागितला तेव्हा ते म्हणाले, "तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपला टाकलाय की ताई, तोच घ्या."

मी तो संगणकावर उघडला. उसाची दोन कांडी, मधोमध गुळाची ढेप आणि वर कमानीच्या आकारात लाल अक्षरांतले नाव. रचना खरोखरच चांगली होती. फाइल मात्र जेपीईजी होती, रुंदी ६०० पिक्सेल, म्हणजे रंगाचे ६०० बारीक चौकोन, एवढीच होती आणि लाल अक्षरांच्या भोवती पांढऱ्या जागेत धुळीसारखे मळकट कण पसरले होते. मूळ फाइल कोणाकडे आहे, असे विचारल्यावर कळले की ज्यांनी लोगो केला त्यांनी तो व्यवसायच सोडला आहे आणि त्यांचा संगणक कधीच विकला गेला आहे. म्हणजे सात वर्षे हे एकच चित्र एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये जात राहिले होते, आणि आता त्याच्यावर एका नव्या धंद्याची सगळी छपाई उभी करायची होती.

मी आप्पांसमोर कागदावर हिशेब मांडला. खोक्यावर लोगो तीन इंच रुंद हवा होता. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ९०० पिक्सेल लागणार, आपल्याकडे ६००. तेथे थोडीफार तडजोड करता आली असती. फ्लेक्सवर मात्र लोगोच सहा फूट रुंद येणार होता. सहा फूट म्हणजे सुमारे १८३० मिलिमीटर, आणि त्याला ६०० ने भागले की एकेक पिक्सेल तीन मिलिमीटरचा चौकोन होतो. नावातल्या 'श्री'ची वळणे त्या चौकोनांच्या पायऱ्यांनी बनली असती. आप्पांनी लगेच विचारले, "मग मोठा करून घ्या की." हा प्रश्न मला सोळा वर्षांत शेकडो वेळा विचारला गेला आहे आणि तो अगदी रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर येथे सविस्तर लिहीत आहे.

माझे बाबा पेंटर होते. ज्या गावात 'पेंटर' हा शब्द कलामहर्षी बाबूरावांच्या नावाला आडनावासारखा कायमचा जडला, त्या गावात दुकानांच्या पाट्या रंगवण्यालाही एक मान होता. बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाच्या चिन्हाचा खाका गुंडाळून माळ्यावर ठेवत. जाड कागदावर नुसत्या रेघांनी काढलेले चित्र आणि त्या रेघांवर सुईने टोचलेली बारीक भोके, हा तो खाका. कागद पाटीवर लावून त्यावर गेरूची पुरचुंडी आपटली की पाटीवर ठिपक्यांची रेघ उमटे आणि रंगकाम सुरू होई. आकार मोठा हवा असेल तर ते खाक्यावर चौकटी आखत, पाटीवर तेवढ्याच पण मोठ्या चौकटी आखत आणि कोणती रेघ कोणत्या चौकटीतून कुठे वळते ते पाहून नव्याने काढत. रंगवलेल्या पाट्यांचे फोटोही त्यांच्याकडे असत, परंतु ते नव्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी. फोटो मोठा करून त्यावरून पाटी रंगवण्याचा विचारही त्यांच्या मनात आला नसता.

संगणकातील चित्रांचे दोन प्रकार मला नेहमी याच दोन वस्तूंसारखे वाटतात. जेपीईजी, पीएनजी, जीआयएफ, वेबपी, टिफ या फाइलींमध्ये चित्र म्हणजे आलेखाच्या वहीसारखी चौकोनांची जाळी असते आणि प्रत्येक चौकोनाचा रंग नोंदलेला असतो. जाळी ठरली की तपशीलही ठरला. चित्र मोठे केले की चौकोन मोठे होतात, आणि ते मऊ करण्यासाठी संगणक शेजारच्या रंगांवरून अंदाजाने मधले रंग भरतो, त्यामुळे पायऱ्यांच्या जागी धूसरपणा येतो. एसव्हीजी, सीडीआर, एआय, ईपीएस आणि योग्य रीतीने केलेली पीडीएफ यांत मात्र खाका असतो. येथून येथपर्यंत रेघ, या बिंदूपाशी इतके वळण, आत हा रंग, अशा सूचना त्यात लिहिलेल्या असतात आणि मागाल त्या आकारात चित्र दर वेळी नव्याने काढले जाते. या वळणांना बेझिए वक्र म्हणतात. रेनो या फ्रेंच मोटार कंपनीतील अभियंते पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात मोटारीच्या पत्र्याचे बाक गणितात बसवण्यासाठी ही पद्धत रूढ केली. आज आपण संगणकावर 'श्र'चे वळण काढतो तेव्हा तेच गणित वापरतो. या प्रकाराला व्हेक्टर म्हणतात आणि लोगोची मूळ फाइल नेहमी व्हेक्टरच असली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

आता जेपीईजीविषयी, कारण सर्वांत जास्त नुकसान तिच्यामुळे होते आणि तिची सवय सर्वांना आहे. १९९२ साली प्रमाणित झालेले हे स्वरूप छायाचित्रांसाठी तयार केले गेले आणि त्या कामात ते आजही उत्तम आहे. रंकाळ्यावरच्या संध्याकाळचा फोटो जेपीईजीमध्ये ठेवला तर काही हरवल्याचे डोळ्यांना कळतही नाही. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे पाडते, प्रत्येक तुकडा कमी-अधिक बारीक लहरींच्या बेरजेत मांडते आणि ज्या अतिबारीक लहरी डोळ्याला फारशा जाणवत नाहीत त्या टाकून देते. आकाश, पाणी, चेहरा यांत रंग हळूहळू बदलतो, तेथे या लहरी गेल्याने बिघडत नाही. लोगोत मात्र लाल रंग संपतो तेथेच पांढरा सुरू होतो. अशी धारदार कड दाखवायला नेमक्या त्याच बारीक लहरी लागतात. त्या गेल्या की कडेच्या दोन्ही बाजूंना तरंग उठतात, आणि आप्पांच्या लोगोभोवती जी धूळ दिसत होती ती हीच होती.

त्यात आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडच्या लोगोंना विशेष बाधते. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधाराचा फरक जितका बारकाईने दिसतो तितका रंगाचा दिसत नाही, म्हणून जेपीईजी बहुधा उजेडाची माहिती पूर्ण ठेवते आणि रंगाची माहिती आडवी-उभी निम्म्या बारकाव्याने ठेवते. काळी अक्षरे यातून बऱ्यापैकी वाचतात. लाल, भगवी, पिवळी अक्षरे मात्र कडेला पाझरल्यासारखी दिसतात. महाद्वार रोडवरून एक चक्कर मारली तर किती पाट्यांवर लाल आणि पिवळा आहे ते लक्षात येईल. शिवाय जेपीईजी पुन्हा उघडून पुन्हा जतन केली की ही काटछाट पुन्हा होते. सात वर्षे फिरलेल्या चित्रात असे किती थर साचले असतील, याचा अंदाज करता येतो. आणि जेपीईजीला पारदर्शक पार्श्वभूमी ठाऊकच नाही. म्हणून रंगीत बॅनरवर लोगोभोवती तो ओळखीचा पांढरा चौकोन येतो, जो आपल्या लग्नपत्रिकांपासून मंडळांच्या फ्लेक्सपर्यंत सगळीकडे दिसतो.

पीएनजी या बाबतीत फार चांगली आहे. १९८७ सालच्या जीआयएफमध्ये २५६ रंगांची मर्यादा होती आणि तिच्या संक्षेपणपद्धतीवर पेटंट होते. त्या पेटंटचा वाद १९९० च्या दशकाच्या मध्यात उफाळल्यावर, मुक्तपणे वापरता येईल असे स्वरूप म्हणून १९९६ मध्ये पीएनजी पुढे आली. ती चित्र दाबून लहान करते, पण उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळतो. सलग रंगाचे मोठे भाग तिला सोपे जातात, त्यामुळे दोन-तीन रंगांच्या लोगोची पीएनजी पुष्कळदा त्याच आकाराच्या जेपीईजीपेक्षा लहानही होते. पारदर्शकता तर तिची खासियत आहे, कारण प्रत्येक पिक्सेल किती पारदर्शक हे २५६ पायऱ्यांत नोंदता येते आणि कड मऊ राहते. संकेतस्थळ, ईमेलखालची सही, प्रेझेंटेशन, फेसबुक-इन्स्टाग्रामचे चित्र, यांसाठी मी पीएनजीच देते. फक्त एक काळजी घ्यावी लागते. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे चित्र मागाहून कापून पारदर्शक केले तर कडेच्या पिक्सेलमध्ये पांढरा मिसळलेला राहतो आणि गडद रंगावर ठेवल्यावर लोगोला पांढुरकी किनार दिसते. पारदर्शक पीएनजी थेट व्हेक्टरवरून काढली तर ही अडचण येत नाही.

पण पीएनजी हीसुद्धा चौकोनांचीच जाळी आहे, आणि ती पडद्याच्या लाल-हिरवा-निळा या रंगांतच बोलते. छापखान्याचे चार शाईंचे रंग तिच्यात ठेवता येत नाहीत. "पारदर्शक पीएनजी आहे माझ्याकडे" असे सांगून लोक निश्चिंत होतात, तेव्हा मी ती किती पिक्सेलची आहे एवढेच विचारते. वेबपीबद्दल फार लिहीत नाही. गूगलने २०१० मध्ये आणलेले हे स्वरूप संकेतस्थळे वेगाने उघडावीत म्हणून आहे आणि त्या कामाला योग्य आहे. मात्र स्वतःच्याच संकेतस्थळावरून लोगो उतरवून घेणाऱ्यांच्या हाती हल्ली ही फाइल पडते आणि जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती उघडत नाही, म्हणून ते गोंधळतात.

एसव्हीजी हे माझे आवडते स्वरूप आहे, हे लपवण्याचे कारण नाही. वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने २००१ मध्ये ते मान्य केले. ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. ती नोटपॅडमध्ये उघडली तर वर्तुळाचा मध्य कुठे, त्रिज्या किती, रंग कोणता, हे अक्षरशः वाचता येते. आप्पांच्या लोगोचे मी पुढे जे व्हेक्टर रेखाटन केले त्याची एसव्हीजी ११ किलोबाइटची झाली, आणि ती फोनवर अंगठ्याएवढी उघडा किंवा प्रोजेक्टरवर भिंतभर, कड तितकीच स्वच्छ राहते. उद्या एसव्हीजी उघडणारा एखादा कार्यक्रम बंद पडला तरी दुसरा ती उघडेल, कारण स्वरूप खुले आहे. तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. वर्डप्रेस ती सुरक्षेच्या कारणास्तव आपण होऊन स्वीकारत नाही, कारण तिच्या मजकुरात प्रोग्रामच्या ओळी दडवता येतात. समाजमाध्यमांवर प्रोफाइलचे चित्र म्हणून ती चालत नाही. आणि छपाईच्या चार शाईंचा विचार तिच्यात जवळजवळ नाही. म्हणून संकेतस्थळासाठी एसव्हीजी आणि छापखान्यासाठी पीडीएफ, अशी जोडी मी ठेवते.

पीडीएफ ही फक्त पत्रे आणि बिले पाठवायची फाइल, असा समज आहे. १९९३ मध्ये अडोबीने ती आणली आणि २००८ पासून ती आंतरराष्ट्रीय मानक आहे. तिच्या पोटात व्हेक्टर व्हेक्टरच राहतो, चार शाईंचे रंग टिकतात, खास शाईचे नाव टिकते, आणि इलस्ट्रेटर व कोरल या रेखाटनाच्या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये ती उघडते. आपल्याकडे मात्र छापखान्याची बोलीभाषा कोरल हीच आहे. लक्ष्मीपुरी असो वा शाहूपुरी, लेटरहेड, बिलबुक, पत्रिका छापणारे पहिल्यांदा विचारतात, "सीडीआर आहे का?" सीडीआर म्हणजे कोरलची स्वतःची फाइल. ती द्यावी, त्यात वावगे काही नाही, पण नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही, म्हणून जतन करताना समोरच्याकडे कोणती आवृत्ती आहे ते विचारून तीच निवडावी. ईपीएसचेही तसेच. ती जुनी आहे, पारदर्शक छटा तिला झेपत नाहीत, पण काही यंत्रांना तीच लागते, त्यामुळे सपाट रंगांच्या लोगोची एक ईपीएस काढून ठेवायला हरकत नाही.

मराठी लोगोंच्या बाबतीत एक मुद्दा वेगळा आहे. लोगोतले नाव टाइप केलेल्या स्थितीतच ठेवून फाइल दिली आणि समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला, तर नाव दुसऱ्याच वळणात येते. युनिकोडपूर्वीच्या जुन्या फॉन्टात असेल तर इंग्रजी अक्षरांचा नुसता खिचडा दिसतो. म्हणून अक्षरांचे आकारांत रूपांतर करावे लागते, ज्याला आपल्याकडे 'कर्व्ह करणे' म्हणतात. येथवर सगळ्यांना माहीत असते. पुढची पायरी मात्र अनेकदा राहून जाते. देवनागरी फॉन्टात शिरोरेषा ही एक सलग रेघ नसते. प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याचा तुकडा घेऊन येते आणि मध्ये फट दिसू नये म्हणून हे तुकडे एकमेकांवर किंचित चढवलेले असतात. कर्व्ह केल्यावर 'गूळ' या शब्दात 'गू' हा एक आकार, 'ळ' हा दुसरा आणि शिरोरेषेत दोघांची चढण, अशी स्थिती राहते. सगळे एकाच लाल रंगात भरलेले असल्यामुळे पडद्यावर काहीच कळत नाही.

हीच फाइल विनाइल कापणाऱ्या प्लॉटरवर गेली की खरा प्रकार उघड होतो. प्लॉटरचे पाते रंग पाहत नाही, ते आकाराच्या कडेने फिरते; त्यामुळे प्रत्येक जोडावर ते शिरोरेषेत दोनदा शिरते आणि अक्षरांमध्ये नखाएवढे सुटे तुकडे पडतात, जे स्टिकर उचलताना निघून येतात. कोणी हे आकार नुसते 'कंबाइन' केले तर चढलेली जागा पोकळ होते आणि शिरोरेषेत पांढरी भोके पडतात. अक्षरांना बाहेरून जाड काठ दिला तर प्रत्येक सांध्यावर उभी रेघ दिसते. उपाय एका क्लिकचा आहे. सगळी अक्षरे निवडून 'वेल्ड' करायची, म्हणजे शिरोरेषा खरोखर एक होते. वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे यांचे सांधे मोठे करून डोळ्यांनी तपासायचे, आणि टाइप केलेल्या नावाची एक प्रत वेगळी ठेवायची, कारण वेल्ड केल्यावर ऱ्हस्व-दीर्घ सुधारता येत नाही. माझ्या पहिल्या वर्षी टेम्पोच्या काचेवर मी लावलेल्या स्टिकरमधून 'र्द'चा रफार उडाला होता आणि ती गाडी महिनाभर तशीच फिरत होती. तेव्हापासून वेल्ड न करता मी एकही मराठी लोगो हातावेगळा केलेला नाही.

फाइलचे नाव व्हेक्टरचे आणि आत जेपीईजी, हा प्रकारही सर्रास आढळतो. जेपीईजी कोरलमध्ये ओढून सीडीआर म्हणून जतन केली, किंवा एखाद्या फुकट संकेतस्थळावर पीएनजी टाकून तिची एसव्हीजी 'बनवून' घेतली, म्हणजे खाका तयार होत नाही. फोटोला नुसते नवे पाकीट चढते. तपासायला सोपे आहे. पीडीएफ असेल तर रीडरमध्ये ६४०० टक्के मोठी करून अक्षराची कड पाहावी. चौकोन दिसले तर ती जाळी आहे. कोरलमध्ये वायरफ्रेम दृश्य लावावे. खाका असेल तर नुसत्या रेघा दिसतात आणि चित्र असेल तर ते चित्रच दिसते. संगणकाकडून आपोआप रेघा काढून घेण्याची सोय आहे, परंतु ६०० पिक्सेलच्या मळलेल्या जेपीईजीवर ती वापरली की धुळीचे कणही आकार बनून येतात आणि सरळ शिरोरेषा लाटेसारखी होते. गेल्या दोन-तीन वर्षांत कृत्रिम बुद्धिमत्तेकडून काढून घेतलेले लोगो घेऊनही लोक येतात. दिसायला ते आकर्षक असतात, पण बहुतेक वेळा ती पिक्सेलचीच चित्रे असतात आणि त्यांतली देवनागरी अक्षरे पुष्कळदा अक्षरेच नसतात. अशा चित्राचा उपयोग कल्पना म्हणून करावा आणि लोगो हाताने रेखाटून घ्यावा.

रंगाबद्दल थोडे सांगते. पडद्यावर झळाळणारा भगवा चार शाईंच्या ऑफसेटवर तसाच उतरत नाही, कारण निळसर, गुलाबी, पिवळ्या आणि काळ्या शाईच्या मिश्रणाने तेवढा तेजस्वी नारिंगी तयारच होत नाही. फाइल पाठवल्यावर छापखान्यात रंग मळका आला म्हणून भांडण्याऐवजी लोगो करतानाच शाईंची टक्केवारी ठरवून ती पीडीएफमध्ये पक्की करावी, आणि रंग नेमकाच हवा असेल तर पॅन्टोनच्या, म्हणजे तयार शाईंना क्रमांक देणाऱ्या पुस्तकातला क्रमांक निवडून ती शाई वेगळी लावून घ्यावी. आप्पांच्या खोक्यासाठी हा प्रश्न वेगळ्या रूपात आला. पन्हळी पुठ्ठ्यावर छपाई रबरासारख्या उठावाच्या प्लेटने होते, ज्याला खोकेवाले स्टीरिओ म्हणतात, आणि प्रत्येक रंगाला वेगळा स्टीरिओ लागतो. त्यांच्या जेपीईजीत जो लाल दिसत होता, तो मोठा करून पाहिला तर शेकडो लाल छटांचा होता. दोन रंगांचे दोन स्टीरिओ करायचे तर लाल हा एकच लाल असावा लागतो आणि हिरव्याशी त्याची कड नेमकी कुठे मिळते ते ठाऊक असावे लागते. कापडी पिशवीवरच्या स्क्रीन प्रिंटिंगलाही हेच लागू आहे. उद्यमनगरात पत्रा लेझरवर कापून पाटी करायची तर डीएक्सएफ ही कापणीची फाइल लागते, आणि तीही खाक्यावरूनच निघते. भरतकामाच्या यंत्राची डीएसटी ही मात्र निराळी जात आहे. तिच्यात टाक्यांचा हिशेब असतो, म्हणून ती भरतकाम करणाऱ्याकडूनच, ठरलेल्या आकारासाठी करून घ्यावी लागते.

इतके लिहूनही जेपीईजीला पूर्ण हद्दपार करा, असे मी म्हणत नाही. फ्लेक्स छापणारे बहुतेक जण शेवटी जेपीईजी किंवा टिफच मागतात, आणि ते योग्यच आहे. वीस बाय दहा फुटांचा फ्लेक्स इंचाला ७२ पिक्सेलने काढला तर फाइल १७२८० बाय ८६४० पिक्सेलची होते. रस्त्यावरून पाहणाऱ्याला त्याहून अधिक बारकाव्याची गरज नसते. त्या मापाची जेपीईजी व्हेक्टरवरून थेट, चांगल्या दर्जाने, एकदाच काढली तर तिच्यात धूळ दिसत नाही. काम झाले की ती जेपीईजी पुसून टाकली तरी चालते, कारण पुढच्या फ्लेक्सला पुन्हा खाक्यावरूनच नवी काढायची असते. घोटाळा होतो तो कोणीतरी त्या फ्लेक्सच्या जेपीईजीतून लोगो कापून घेऊन पुढे वापरतो तेव्हा.

राहिला व्हॉट्सअ‍ॅपचा प्रश्न, कारण आपली सगळी देवाणघेवाण आता तेथेच होते. चित्र फोटो म्हणून पाठवले की ते लहान केले जाते, पुन्हा जेपीईजीत दाबले जाते आणि पीएनजीची पारदर्शकता जाऊन मागे सपाट रंग येतो. तीच फाइल 'डॉक्युमेंट' हा पर्याय निवडून पाठवली तर जशी आहे तशी पोहोचते. एवढी एक सवय लावून घेतली तरी माझ्याकडे येणारे निम्मे बिघडलेले लोगो वाचले असते, असे मला वाटते. आणि फोनवर मूळ फाइल ठेवण्यापेक्षा ती स्वतःच्या ईमेलवर स्वतःलाच पाठवून ठेवावी. फोन बदलतो, हरवतो, भरतो. ईमेलमध्ये नाव टाकून शोधले की दहा वर्षांनीही सापडते.

आप्पांचा लोगो मी हाताने पुन्हा रेखाटला. जेपीईजी खाली ठेवून, तिच्यावर रेघा काढत दोन दिवस गेले. उसाची पेरे मोजून तेवढीच काढली, कारण त्यांना मूळ चित्रच हवे होते. नावाचा फॉन्ट ओळखता आला नाही, म्हणून अक्षरे एकेक करून वळणाने काढली आणि शिरोरेषा कमानीच्या वळणावर एकच सलग पट्टी म्हणून घातली. मग त्यांना एक फोल्डर दिले. त्यात मूळ सीडीआर आणि तीच जुन्या आवृत्तीत, छपाईची पीडीएफ, दोन स्टीरिओंसाठी रंग सुटे केलेली पीडीएफ, एका रंगातली प्रत, गडद रंगावर ठेवायची पांढरी प्रत, एसव्हीजी, आणि २००० व ५०० पिक्सेलच्या पारदर्शक पीएनजी होत्या. फाइलींची नावे देवनागरीतच, वापर सांगणारी ठेवली: 'खोक्यासाठी', 'फ्लेक्सवाल्यांना देण्यासाठी', 'मोबाइलसाठी'. लोगोची मूळ फाइल गिऱ्हाइकाला द्यायची की नाही, यावर आमच्या व्यवसायात मतभेद आहेत; पुढचे काम आपल्याकडेच यावे म्हणून काही जण ती देत नाहीत. मी देते. लोगोचे पैसे घेतले म्हणजे खाका गिऱ्हाइकाचा झाला. बाबासुद्धा दुकान दुसऱ्या गावी हलवणाऱ्या गिऱ्हाइकाच्या हाती त्याचा खाका गुंडाळून देत असत.

डिसेंबरात खोके छापून आले. त्या आधी एका दुपारी खोकेवाल्यांनी आप्पांना फोन करून लोगो मागितला होता आणि आप्पांच्या मुलाने सवयीने फोनमधला जुना फोटो पाठवायला घेतला होता. आप्पांनी त्याला थांबवले, ईमेल उघडायला लावली आणि 'खोक्यासाठी' नावाची पीडीएफ डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितली. त्यानंतर जुना फोटो त्यांनी फोनमधून काढून टाकला.